विवादी स्वर आणि आम्ही

संगीताच्या पहिल्या-दुसऱ्या परीक्षेलाच एक व्याख्या पाठ करावी लागते. वादी स्वर हा रागाचा राजा, संवादी हा त्याचा मंत्री, अनुवादी हे सेवक आणि विवादी हा शत्रू. उपमा फार जुनी आहे. विद्यार्थी ती घोकतो, दोन गुण मिळवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण या चार शब्दांत एक संपूर्ण राज्य उभे आहे. त्यात राजा आहे, दरबार आहे, चाकर आहेत आणि हद्दीबाहेर ठेवायचा एक शत्रूही आहे. आम्हांला प्रश्न पडतो तो या शेवटच्या माणसाचा. जो स्वर आपल्याशी जुळत नाही, तो शत्रूच असतो काय?

हा प्रश्न केवळ गाणाऱ्या-बजावणाऱ्यांचा नाही. घरात, जमातीत, गावात, मराठी साहित्यात आणि या देशात कधी ना कधी न जुळणारा स्वर म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले गेले, त्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे. आणि ज्याने कधी दुसऱ्याकडे तसे बोट दाखवले, त्याचाही आहे. म्हणजे आपण सगळेच त्यात आलो.

आधी शब्दाचा इतिहास पाहू. भरताच्या नाट्यशास्त्रात वादी-संवादी-अनुवादी-विवादी हे चारही शब्द येतात, पण तिथे विवादी म्हणजे एखादा गुन्हेगार स्वर नव्हे. दोन स्वरांमधल्या नात्याचे ते नाव आहे. दोन स्वरांत 9 किंवा 13 श्रुतींचे अंतर असेल तर ते परस्परांचे संवादी. 2 श्रुतींचेच अंतर असेल तर परस्परांचे विवादी. विवाद दोघांचा मिळून होता. पुढच्या काळात अर्थ सरकला. आजच्या पुस्तकात विवादी म्हणजे रागात न बसणारा, लावला तर रागाची हानी करणारा स्वर. नाते होते त्याचा डाग झाला, आणि तो डाग दोघांपैकी एकाच्याच कपाळी लागला. समाजातही असेच घडते. भांडण दोघांचे असते, ‘भांडखोर’ हे नाव मात्र एकालाच मिळते.

बरे, हा डाग तरी कायमचा असतो काय? तसेही नाही. पंचम हा षड्जाचा सर्वांत जवळचा सोबती. तंबोऱ्याची पहिली तार बहुधा त्याचीच असते. पण मारवा रागात हाच पंचम वर्ज्य आहे. एका घरचा मानकरी दुसऱ्या घरी उंबऱ्याबाहेर. जन्माने कोणताही स्वर विवादी नाही. तो कुठे उभा आहे आणि कोणाशेजारी उभा आहे, यावर सारे ठरते.

मारव्याचे नाव आले आहे तर तिथेच थांबू. न जुळण्याचा हा प्रश्न ज्या रागाने सर्वांत स्पष्ट मांडला तो राग हाच, असे आम्हांला वाटते. आम्ही शिरोड्याची माणसे. आमचा सूर्य डोंगराआड जात नाही, थेट समुद्रात बुडतो. असर होऊन गेलेली असते, मगरिब अजून झालेली नसते. सुरूच्या बनात काळोख शिरतो, पण पाण्यावर उजेड असतो. दिवस म्हणावा तर तो संपलेला आणि रात्र म्हणावी तर ती आलेली नाही. आपल्या शास्त्राने या वेळेला संधिप्रकाश म्हटले आणि मारवा तिच्या स्वाधीन केला. ही नेमणूक ज्या कोणी केली, त्याने ही वेळ नीट पाहिली असली पाहिजे.

मारव्यात सहा स्वर: षड्ज, कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, शुद्ध निषाद. आता हिशेब करून पाहा. षड्जाशी खरा संवाद दोनच स्वरांचा असतो, पंचमाचा आणि शुद्ध मध्यमाचा. पंचम इथे वर्ज्य आहे आणि मध्यम तीव्र झाला आहे. म्हणजे या रागात षड्जाला एकही संवादी उरत नाही. ज्याच्या आधाराने सगळे गाणे उभे राहायचे, तो घरधनी स्वतःच्याच घरात एकटा पडला आहे.

गंमत पुढेच आहे. पुस्तके मारव्याचा वादी कोमल रिषभ आणि संवादी धैवत असे सांगतात. पण या दोघांतले अंतर मोजले तर ते संवादाच्या मापात बसत नाही. राजा आणि मंत्री यांचेच आपसांत जुळत नाही. रिषभाचा खरा संवाद तीव्र मध्यमाशी आहे, धैवताचा गंधाराशी. तरीही राग या दोन न जुळणाऱ्या खांबांवर उभा राहतो आणि शतकानुशतके पडत नाही.

कोणी म्हणेल, स्वरच तसे निवडले तर दुसरे काय होणार? तर हेच सहा स्वर घेऊन आणखी दोन राग गातात: पूरिया आणि सोहनी. पूरियात गंधार-निषादाला मान आहे. ते दोघे एकमेकांचे संवादी, म्हणून पूरिया खाली मंद्र सप्तकात शांतपणे बसतो. सोहनीत धैवत-गंधाराला मान आहे. त्यांचेही जुळते, म्हणून सोहनी उत्तररात्री तारसप्तकात चमकते. स्वर तेच, सहाच. बदलले ते एवढेच, की कोणाला किती वेळ बोलू दिले. समाजातही माणसे तीच असतात. त्यांतला कोण बोलतो आणि कोणाला थांबवले जाते, यावर त्या समाजाचा राग ठरतो.

या अस्वस्थतेमागे कानाचे विज्ञानही आहे. षड्जाची कंपने सेकंदाला 240 धरली तर पंचमाची 360 होतात, म्हणजे दोनास तीन. दोन्ही लहरी पुन्हा पुन्हा एकत्र पाऊल टाकतात आणि कान निवांत होतो. कोमल रिषभ 256 च्या आसपास येतो. 240 आणि 256 या लहरी एकमेकींना सेकंदाला 16 वेळा गाठतात आणि सोडतात. ती खरखर कानाला टोचते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1863 साली विसंवादाचे मूळ या खरखरीत दाखवले. पण कानाचे म्हणणे इथेच संपत नाही. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला युरोपातल्या जुन्या संगीतकारांनी ‘संगीतातला सैतान’ असे नाव दिले होते. आमच्याकडे तोच तीव्र मध्यम यमनमध्ये रोज संध्याकाळी प्रेमाने गातात, आणि परंपरा यमनचे नाते थेट अमीर खुसरोंशी जोडते. खरखर दोन्हीकडे सारखीच होती. तिला सैतान म्हणायचे की सखा, हे मात्र माणसांनी ठरवले.

आता रियाजाकडे येऊ, कारण विसंवाद समजणे सोपे आहे आणि त्यात राहणे कठीण. मारवा शिकणाऱ्याची पहिली अडचण अशी की त्याचा गळा सारखा घराकडे धावतो. मंद्र निषादावरून निघावे, षड्जाला न शिवता रिषभावर जावे आणि तिथे थांबावे, असे सांगितले तरी चार दिवस तो थांबतच नाही. रिषभ नीट लागायच्या आत षड्जावर घसरतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. राग तिथेच संपतो. षड्ज चुकीचा म्हणून नव्हे, तर घाईने आला म्हणून. तंबोऱ्यावर तो सतत वाजत असतो, ऐकू येत असतो, बोलावत असतो. गायकाने त्याच्याकडे पाहत, त्याच्याशी इमान राखून, त्याच्यापासून दूर उभे राहायचे असते.

वसंतराव देशपांडे तरुणपणी लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे शिकायला राहिले आणि काही महिने त्यांना एकच राग मिळाला, मारवा. आज त्या वाटेवर देशाची सीमा आहे. एका विसंवादी रागात महिनेच्या महिने घालवलेल्या या गवयाने पुढे 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात खाँसाहेबांची भूमिका केली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. उस्ताद अमीर खाँ यांची मारव्याची ध्वनिमुद्रिकाही जिज्ञासूंनी जरूर ऐकावी. त्यात षड्ज किती उशिरा येतो आणि आल्यावर किती अल्प थांबतो, याकडे लक्ष द्यावे. खाँसाहेब घाई करत नाहीत आणि ऐकणाऱ्यालाही करू देत नाहीत.

इथे आमच्या वाचकाला वेगळे उदाहरण द्यायला नको. रोजा हा याच गोष्टीचा रियाज आहे. पाणी समोर असते, हात मोकळे असतात, अडवायला कोणी नसते. तरी सूर्य बुडेपर्यंत घोट घ्यायचा नाही. असर ते मगरिब हा पल्ला सर्वांत लांब वाटतो, आणि मारव्याचा पल्लाही हाच आहे. पण दीनने इथे एक फार सुंदर तोल राखला आहे. सूर्य बुडाला की इफ्तारीला उशीर करायचा नाही, हीच सुन्नत. मी आणखी तासभर उपाशी राहून दाखवतो, यात पुण्य नाही. गाण्यातही तेच आहे. केवळ कसब दाखवायला षड्ज अडवून धरणारा गवई मारवा गात नाही, स्वतःला गातो. सब्र म्हणजे न संपणारे ताटकळणे नव्हे. वेळेआधी न सोडणे आणि वेळ आल्यावर न अडवणे, या दोन्ही गोष्टी मिळून सब्र होतो.

विसंवादाची ही ओढ एकट्या हिंदुस्थानी संगीतात नाही. अरबी आणि तुर्की संगीतात ‘सबा’ नावाचा मकाम आहे. उर्दू शायरीत पहाटेच्या वाऱ्याला सबा म्हणतात, तोच हा शब्द. या मकामात चौथा स्वर नेहमीच्या जागेपेक्षा खाली उतरलेला असतो. त्यामुळे पायाचा आधार सुटल्यासारखे वाटते आणि एक हुरहूर शेवटपर्यंत जात नाही. तुर्कस्तानात फजरची अजान परंपरेने याच मकामात देतात. अजान ही गाणे नव्हे, हे आम्ही जाणतो. पण माणसाला झोपेतून उठवण्यासाठी त्या लोकांनी सर्वांत गोड मकाम निवडला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गोडीने माणूस पुन्हा झोपी जातो. जागे करायला किंचित टोचावे लागते.

काही वाचक इथे विचारतील, मुळात संगीतच जायज आहे काय? हा वाद हजार वर्षे चालू आहे आणि या पानावर मिटणार नाही. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यातली मध्यवर्ती समज अशी की संगीत मनात नवे काही आणून टाकत नाही, मनात जे आहे तेच हलवते. ज्यांना हेही मान्य नाही, त्यांच्याशी आमचा वाद आहे, वैर नाही. आणि आमचे म्हणणे नेमके हेच आहे की वाद आणि वैर यांत फरक करता आला पाहिजे.

हा फरक आम्हांला कितपत करता आला? आपल्याच कोकणातल्या, चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंचे उदाहरण घेऊ. 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी होती. मोर्च्यामागे दलवाई होते. 22 मार्च 1970 रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि 3 मे 1977 रोजी, वयाच्या 44 व्या वर्षी, ते गेले. समाजाने त्यांना विवादी ठरवले, त्या शब्दाच्या नव्या अर्थाने, म्हणजे शत्रू म्हणून. बाहेरच्या काही लोकांनी त्यांना उचलून धरले, पण तो स्वर ऐकण्यासाठी नव्हे, आमच्यावर फेकण्यासाठी. दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट केली नाही: त्या स्वराला त्याच्या जागी उभे राहू दिले नाही. दलवाईंचे सगळे म्हणणे पटले पाहिजे असे नाही. आमच्यातही त्यावर एकमत नाही. पण ज्या प्रश्नाला सात बायकांनी 1966 साली तोंड फोडले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2017 साली आला. मधली 51 वर्षे आम्ही षड्ज घट्ट धरून बसलो होतो. तो धीर नव्हता, ती भीती होती. मधल्या काळात ज्यांचे संसार तीन शब्दांत मोडले, त्यांना आम्ही कोणत्या तोंडाने सब्र सांगणार?

उलट बाजूही तितकीच खरी आहे. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा मराठी साहित्यात हा वेगळा सूर कशाला, असा प्रश्न झाला. सलोख्याच्या सभेत आमच्याकडून नेहमी एकच अपेक्षा असते, की आम्ही पटकन षड्जावर यावे. ‘आपण सगळे एकच’ असे म्हणावे, टाळ्या घ्याव्यात आणि चहा पिऊन घरी जावे. आपण एक आहोत, हे खरेच आहे. पण ते इतक्या घाईने म्हटले की मधले सगळे स्वर गिळले जातात. घर भाड्याने मागताना नाव सांगितल्यावर आलेली शांतता, वर्तमानपत्र वाचताना वाटलेली धास्ती, मराठी बोलल्यावर झालेले कौतुकमिश्रित आश्चर्य. हे स्वर लावल्याशिवाय जो षड्ज येतो, तो पूरियाचा असेल, मारव्याचा नव्हे. आणि आमची संध्याकाळ मारव्याची आहे.

मात्र एका गोष्टीची गफलत होऊ देऊ नये. विवादी वेगळा आणि बेसूर वेगळा. न जुळणारा प्रत्येक आवाज मोलाचा, असे म्हटले तर ओरडणारा प्रत्येक जण स्वतःला कलावंत समजेल. खरे तर विसंवादात सुरेलपणा अधिक लागतो. पंचम जरा सरकला तर तो पुन्हा जागेवर ओढला जातो, षड्जच त्याला सावरून घेतो. मारव्याच्या रिषभाला असा कोणी सावरणारा नाही. श्री रागातला रिषभ फार उतरलेला आणि मारव्याचा त्याहून किंचित चढा, एवढा बारीक फरक गायकाला स्वतःच्या कानाने राखावा लागतो. मिरजेच्या दर्ग्यात चिरनिद्रा घेत असलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ असल्या बारीक जागांसाठी आयुष्यभर झिजले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचे मोजमाप करत होते, तेव्हा खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार त्यांना झाला. जो विरोधात बोलणार त्याने तपशील दुप्पट तपासावा, हा यातला धडा. बहुमताची चूक खपून जाते, एकट्याची खपत नाही. हे अन्यायाचे असेल, पण एकट्याच्या बोलण्याला धार येते ती त्यामुळेच.

अन्यायाचीही गोष्ट अशीच आहे. अन्याय हा विवादी स्वर नाही, तो तुटलेली तार आहे. तुटलेल्या तारेशी सब्र करायचा नसतो, ती बदलायची असते. विसंवादात राहायला शिका, हे आम्ही मतभेदांविषयी म्हणतो. ज्याच्या घरावर दगड पडला, त्याला मारवा ऐकवण्याचा अधिकार कोणाला नाही.

तंबोऱ्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. मारवा गाताना पहिली तार पंचमाची ठेवत नाहीत, ती निषादात किंवा धैवतात मिळवतात. पंचम अशा रीतीने पूर्ण बाहेर काढला, असे आपल्याला वाटते. पण षड्जाची तार छेडली की तिच्या पोटात एक बारीक स्वर आपोआप उमटतो, तिसरा उपस्वर, आणि तो पंचमच असतो. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात तो कान देणाऱ्याला ऐकू येतो. ज्याला वर्ज्य केले, तो घरधन्याच्याच आवाजात बोलत असतो. कोणत्याही समाजाने कोणालाही पुरते बाहेर काढल्याची खात्री बाळगू नये.

शिरोड्याचे नाव देशाला कळले ते मिठामुळे. मे 1930 मध्ये इथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. सरकारच्या दरबारात तेव्हा ती माणसे विवादीच होती. उस्ताद लोक विवादी स्वराला मिठाचीच उपमा देतात: अंदाजाने पडले तर चव, अधिक पडले तर नासाडी आणि मुळीच नसले तर अळणी. आम्हांला त्यात एवढीच भर घालायची आहे की मीठ समुद्रात दिसत नाही. पाणी बांधावे लागते, उन्हात ठेवावे लागते, आटेपर्यंत थांबावे लागते. मग ते हाती लागते. मतभेदातून काही मिळवायचे तर एवढा वेळ द्यावाच लागेल.

करून पाहायचे असेल तर साधन फार लागत नाही. आता तंबोरा मोबाइलवरही मिळतो. पेटी मात्र दूर ठेवावी. षड्ज लावावा, त्यात आवाज मिसळावा आणि मग कोमल रिषभावर जाऊन पाच मिनिटे तिथेच राहावे. गळा परत ओढेल, मन कारणे सांगेल, घरातले विचारतील की हे काय चालले आहे. राहावे. पंधरा दिवसांनी त्या खरखरीतही एक उभे राहण्यापुरती जागा आहे, असे जाणवू लागते. मग जमातीच्या पुढच्या बैठकीत एखादा न पटणारे बोलायला उठेल, तेव्हा त्याला लगेच खाली बसवू नये आणि त्याच्या हो ला हो ही मिळवू नये. त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. षड्ज कुठे जात नाही, तंबोरा वाजतच असतो.